मोटरसायकल शिकण्याच्या आठवणी : गुरूने बसायचे कुठे?

अर्धाक्लच

मोटार शिकवणाऱ्याच्या पायाशी बहुधा आणखी एक ब्रेक बसवलेला असतो, आणि वेळ आलीच तर तो हात लांबवून स्टिअरिंगही सावरू शकतो. मोटरसायकल शिकवणाऱ्याच्या हाती मात्र काहीही नसते. तो मागे बसला तर त्याचे सगळे वजन शिकणाऱ्याच्या तोलावर येते, शेजारून धावला तर पहिल्या गिअरमध्येच मागे पडतो, आणि लांब उभा राहून ओरडला तर इंजिनाच्या आवाजात ते ओरडणे विरून जाते. म्हणजे या वाहनाचे शिक्षण पहिल्या मिनिटापासून एकट्याने घ्यायचे असते. पोहायला कधी शिकलो, मोटार कधी शिकलो हे धूसर झालेल्या माणसालाही मोटरसायकल पहिल्यांदा आपल्या हाताखाली हलली तो क्षण लख्ख आठवतो, याचे कारण मला तरी हेच वाटते.

मला चुलतभावाने शिकवले. तो माझ्याहून बराच मोठा, कमी बोलणारा, आणि गाडी सहजासहजी हाती देईल असा मुळीच नव्हे. त्याने आधी मला बंद गाडी मैदानात ढकलत फिरवायला लावली. डावीकडून ढकलायची, वळवायची, मागे घ्यायची, स्टॅंडवर चढवायची आणि उतरवायची. तेव्हा मला तो छळ वाटला. परंतु सव्वाशे किलोच्या आसपासची वस्तू सरळ उभी असेपर्यंत बोटाने तोलता येते आणि एकदा ठरावीक कोनापलीकडे कलली की दोन हातांनाही आवरत नाही, हे ज्ञान चालत्या गाडीवर मिळण्यापेक्षा चालत्या पायांवर मिळालेले बरे असते. त्यानंतर बंद गाडीवर बसून गिअर टाकण्याचा सराव झाला. इंजिन बंद असताना गिअर सहज पडत नाहीत, गाडी थोडी पुढेमागे डुलवावी लागते, आणि मग पायाच्या अंगठ्याखाली 'खट्' असे जाणवते. त्या 'खट्'ची ओळख झाल्यावरच त्याने किल्ली दिली.

आणि मग त्याने जे सांगितले ते मी पुढे अनेकांना सांगितले आहे : "रेसला हात लावायचा नाही." पहिला गिअर टाकायचा आणि केवळ क्लच अगदी हळू सोडत जायचा. सपाट जागेवर निष्क्रिय गतीला फिरणारे इंजिनही गाडी ओढू शकते. क्लच एका ठिकाणी येतो, इंजिनाचा सूर थोडा खाली बसतो, आणि गाडी पायांखालून सरकू लागते. तिथे हात थांबवायचा, दोन पावले जाऊ द्यायचे, पुन्हा क्लच दाबायचा आणि पाय टेकायचे. एक अख्खी संध्याकाळ मी एवढेच केले. दादा तेवढा वेळ दूर दगडावर बसून होता आणि त्याने एकदाही उठून जवळ येण्याची तसदी घेतली नाही.

आपल्याला कोणी शिकवले, आणि शिकवताना ती व्यक्ती मागच्या सीटवर होती, शेजारी होती की दूर, हे वाचायला आवडेल. पहिली सूचना कोणती मिळाली तेही अवश्य लिहावे. माझे मत मी आधीच सांगून टाकतो : मागे बसून मोटरसायकल शिकवता येत नाही.

उजवागिअर

धागा वाचून बोटे शिवशिवली. माझे शिक्षण काकांच्या जुन्या बुलेटवर झाले, आणि त्यांनी तर मला गाडी चालवायला देण्याआधी कित्येक आठवडे फक्त सुरू करायला दिली. हल्लीच्या बटणवाल्या पिढीला यात शिकण्यासारखे काय आहे असे वाटेल, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

त्या बुलेटच्या हेडलाइटवरील भागात एक छोटा अँमीटर, म्हणजे वीजप्रवाह दाखवणारा काटा, असे. किल्ली फिरवली की त्याचा काटा ऋण बाजूकडे झुके. मग डावीकडचा डीकॉम्प्रेशनचा, म्हणजे इंजिनातला दाब मोकळा करणारा, छोटा दांडा ओढून किक अगदी हळूहळू खाली न्यायची. काटा मध्यावर आला की पिस्टन दाबाच्या टोकाशी आला आहे असे समजायचे. तिथून दांडा ओढलेला ठेवूनच किक आणखी किंचित खाली सरकवायची, दांडा सोडायचा, किक पूर्ण वर येऊ द्यायची, आणि मग शरीराचे सारे वजन टाकून एकच सलग किक मारायची. या क्रमात घाई केली तर किक उलटी येते, आणि तिचा फटका पोटरीला किंवा घोट्याला ज्याने खाल्ला आहे त्याला तो वेगळा सांगावा लागत नाही. काका शेजारी उभे राहून माझ्याकडे नव्हे, काट्याकडे बघत असत. काटा मध्यावर नसताना मी पाय उचलला की ते नुसतेच "अं हं" म्हणत.

चालवायला मिळाली तेव्हा आणखी एक गंमत होती. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला, पहिला गिअर वर आणि उरलेले तीन खाली. उजव्या पायाला गिअर ही बहुतेक ब्रिटिश मोटरसायकलींची जुनी पद्धत होती. अमेरिकेने १९७०च्या दशकाच्या मध्यात गिअर डावीकडेच हवा असा नियम केला, आणि पुढे जवळपास सर्व जगात तीच रीत झाली. बुलेट मात्र पुढेही बराच काळ उजव्या गिअरची मिळत राहिली. ज्यांनी दोन्ही प्रकार चालवले आहेत त्यांना ठाऊक असेल की डोके नवी गाडी पाच मिनिटांत स्वीकारते, पण पाय अनेक महिने जुन्याच गाडीवर असतात. ब्रेक म्हणून दाबायला जावे आणि गिअर पडावा, हा अनुभव एकदा आला की माणूस गाडीवर बसल्याबरोबर आधी खाली वाकून पाहायला शिकतो.

आपल्या प्रश्नाचे उत्तर : काका कधीच मागे बसले नाहीत. "मला पोरांच्या मागे बसायची हौस नाही," असे ते म्हणत.

मागचीसीट

अर्धाक्लच यांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही, आणि नावावरून ते लक्षात आलेच असेल.

मला थोरल्या बहिणीने शिकवले. घरात तोपर्यंत मुलींसाठी बिनगिअरची गाडी पुरे, असा एक अलिखित ठराव होता. ताईने तो नोकरी लागल्यावर स्वतःपुरता मोडला आणि पुढच्या वर्षी माझ्यापुरताही. ती मागे बसे, परंतु पहिल्या दिवशी नव्हे. मी मैदानात एकटी सुटून, फिरून, थांबू लागल्यानंतर, पहिल्यांदा रस्त्यावर न्यायच्या वेळी ती मागे बसली. आणि त्या टप्प्यावर मागे बसलेल्या माणसाचा जो उपयोग होतो तो दूर दगडावर बसलेल्या माणसाचा होऊ शकत नाही. क्लच कसा सोडायचा हे सांगणे तिच्या लेखी संपलेले होते. "तो रिक्षावाला थांबणार आहे, आत्ताच रेस सोड," "त्या बसच्या पुढून कोणीतरी रस्ता ओलांडणार," "आरशात बघ, मग डावीकडे ये" अशी ती मला रस्ता वाचून दाखवत असे. गाडी चालवणे मी एकटीने शिकले, हे खरे. रस्त्यावर चालवणे मात्र मला मागच्या सीटवरूनच शिकवले गेले.

तिचा एक नियम आजही पाळते. मागे बसल्यावर ती माझ्या खांद्यांना कधीही धरत नसे. सीटमागची कडी धरून बसे. खांदे धरले की तिची भीती माझ्या दंडांतून हँडलपर्यंत जाते, असे तिचे म्हणणे होते. हे मला फार पटते. अनेक वडील मंडळी शिकवताना मागून हात पुढे घालून हँडल पकडतात. त्यामुळे एकाच हँडलवर चार हात येतात आणि गाडी कोणाचेच ऐकत नाही.

चटका

पहिली सूचना विचारली आहे म्हणून लिहितो. "उतरताना डावीकडूनच उतर." मला कारण सांगितले नव्हते. दुसऱ्याच दिवशी मी अर्ध्या चड्डीत, मोठ्या दिमाखात उजवीकडून उतरलो. बहुतेक एकसिलिंडरी गाड्यांचा सायलेन्सर उजव्या बाजूला असतो, आणि पोटरीच्या आतल्या बाजूची त्वचा किती पातळ असते याचा शोध मला त्या दिवशी लागला. त्याच आकाराचा, त्याच जागेवरचा डाग पुढे इतक्या मित्रांच्या पायांवर पाहिला की तो शिक्का पाहून समवयस्क ओळखता यावा.

जुनापाना

मी गाड्या दुरुस्त करण्यात आयुष्य काढले आहे, त्यामुळे या विषयाकडे जरा वेगळ्या बाजूने पाहतो. "मला क्लच जमतच नाही," असे म्हणणारे पुष्कळ नवशिके माझ्याकडे आले, आणि त्यांतील बऱ्याच जणांचा हात ठीक होता, केबल ठीक नव्हती.

क्लचच्या मुठीला टोकाशी थोडी मोकळी हालचाल असावी लागते. साधारणपणे १० ते २० मिलिमीटर. ती नसेल तर क्लच पूर्ण बसत नाही, तो घसरत राहतो आणि प्लेटी झिजतात. ती फार असेल तर मूठ पूर्ण दाबूनही क्लच पूर्ण सुटत नाही, मग गिअर टाकताना कर्रकन आवाज येतो, गाडी जागच्या जागी पुढे सरकू पाहते आणि न्यूट्रल काही केल्या सापडत नाही. नवशिक्याला वाटते की आपल्याला पाय कळत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, केबल जशी ताणलेली असेल तशी क्लच धरण्याची जागा बदलते. एका गाडीवर ती मुठीच्या अगदी सुरुवातीला लागते, दुसऱ्या गाडीवर बोटे जवळपास पूर्ण उघडल्यावर लागते. म्हणून भावाच्या गाडीवर शिकलेला मुलगा मित्राच्या गाडीवर बसला की पहिल्याच चौकात गाडी बंद पाडतो आणि लोक हसतात.

यावर उपाय साधा आहे. कोणतीही अनोळखी गाडी हाती घेतली की निघण्याआधी, पाय जमिनीवर असताना, पहिल्या गिअरमध्ये क्लच हळू सोडून इंजिनाचा सूर कुठे बसतो ते एकदा पाहून घ्यावे. अर्धाक्लच यांच्या दादाने संध्याकाळभर जे करून घेतले तेच हे, फक्त एका मिनिटात.

प्लेटींविषयी एक गोष्ट येथे सांगतो, कारण शिकणाऱ्यांना "क्लच अर्धा धरू नकोस, जळेल" असे फार दटावले जाते. बहुतेक मोटरसायकलींच्या क्लचमध्ये अनेक प्लेटींची चळत असते आणि ती तेलात बुडालेली असते. तेल उष्णता वाहून नेते. मोटारीच्या कोरड्या, एकाच प्लेटीच्या क्लचच्या तुलनेत हा प्रकार हळू चालताना थोडे घसरणे बराच सहन करतो. संपूर्ण घाट अर्ध्या क्लचवर चढू नये हे खरेच, परंतु मैदानातल्या सरावाने क्लच जळत नाही. शिकणाऱ्याच्या मनातून ही भीती आधी काढावी.

वळणवाट

मला पहिली सूचना मिळाली होती ती अशी : "वळायचे तिकडे हँडल वळव." ती देणारे माझे मामा उत्तम चालवत, आणि तरीही ती सूचना अर्धीच खरी होती. चालण्याच्या वेगाला हँडल ज्या बाजूला फिरवाल त्या बाजूला गाडी जाते. जरा वेग आला, म्हणजे साधारण ताशी २० किलोमीटरच्या पुढे, की डावीकडे वळण्यासाठी डाव्या मुठीला हलकेच पुढे ढकलावे लागते. चाक क्षणभर उजवीकडे जाते, गाडी डावीकडे कलते, आणि मग वळण घेते. आपण सगळे जण हे करतो, पण करतो आहोत हे बहुतेकांना आयुष्यभर कळत नाही.

यात नवे काही नाही. विमानकर्ते विल्बर राइट मुळात सायकलींच्या धंद्यातले होते. डावीकडे वळताना नेमके काय करता, असे ते सायकल चालवणाऱ्यांना विचारत, आणि सुरुवातीला हँडल उलट दिशेला जाते हे जवळपास कोणालाच सांगता येत नसे, असे त्यांनी नोंदवले आहे. दुचाकी उभी का राहते याचेही सोपे उत्तर आपण शाळेपासून ऐकत आलो : फिरत्या चाकाचा भोवऱ्यासारखा परिणाम. त्याचा वाटा आहेच. परंतु २०११ मध्ये काही संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात अशी एक प्रायोगिक दुचाकी मांडली की जिच्यात भोवऱ्याचा परिणाम जवळजवळ शून्यावर आणला होता, पुढच्या चाकाची नेहमीची भूमितीही काढून टाकली होती, आणि तरी ती योग्य वेगात ढकलली असता आपली आपण सावरत पुढे जात होती. हे वाचले तेव्हा मला मामांविषयी एकदम आदर वाटू लागला. जी गोष्ट शास्त्रज्ञांनाही इतकी सोपी नाही ती ते एका वाक्यात समजावू पाहत होते.

तर मुद्दा असा की, गुरू मागे बसला किंवा दूर बसला तरी तो जे सांगतो ते त्याला कसे वाटते ते असते. त्याचे शरीर प्रत्यक्षात काय करते, ते त्यालाही बहुधा ठाऊक नसते.

संथगती

वळणवाट, लेखन माहितीपूर्ण आहे, परंतु हे पहिल्या आठवड्यात कोणत्याही नवशिक्याला सांगू नये अशी माझी विनंती आहे. माझ्या धाकट्या भावाने असे काहीसे वाचून, मैदानात अगदी हळू चालवताना डावीकडे वळण्यासाठी मुद्दाम डावी मूठ ढकलली. त्या वेगाला गाडी अर्थातच उजवीकडे गेली आणि उजवीकडे कुंपण होते. सुदैवाने कुंपण मेंदीचे होते.

माझ्या मते हळू चालवणे हेच खरे शिक्षण आहे, आणि तेच सर्वांत कमी शिकवले जाते. वेगात गाडी स्वतःला सावरते, कमी वेगात ते काम आपल्याला करावे लागते. मला ज्यांनी शिकवले ते जमिनीवर खडूने आठचा आकडा काढत आणि पाय न टेकता त्यावर फिरायला लावत. सुरुवातीला मी पुढच्या चाकाकडे पाहत असे आणि दर वळणाला पाय टेकत असे. त्यांनी एकच बदल सांगितला. चाकाकडे पाहायचे नाही, मान वळवून आठच्या पुढच्या टोकाकडे पाहायचे. त्याबरोबर उजव्या पायाने मागचा ब्रेक अगदी हलका दाबून धरायचा, रेस स्थिर ठेवायची आणि वेग क्लचने कमीजास्त करायचा. ब्रेकचा तो बारीक ओढ लागला की गाडी ताठ होते आणि कचके खात नाही. मान कुठे आहे यावर वळण अवलंबून असते, हे कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो, पण करून पाहिल्यावर हसू आले नाही. याचीच दुसरी बाजू अशी की खड्ड्याकडे टक लावून पाहिले की गाडी खड्ड्यातच जाते.

अर्धाक्लच

मागचीसीट यांचा आक्षेप मला मान्य करावा लागेल, निदान अर्धा तरी. गाडी शिकणे आणि रस्ता शिकणे ही दोन शिक्षणे आहेत आणि माझे वाक्य पहिल्यापुरतेच ठेवतो. दादाही पुढे माझ्यामागे बसला होता, पण तोपर्यंत मी त्याला प्रवासी समजत असे, गुरू नव्हे.

वळणवाट आणि संथगती यांच्या वादात मला दोघांचेही पटते. स्नायूंना जे आपोआप कळते ते आधी कळू द्यावे आणि डोक्याला नंतर सांगावे. पण नंतर सांगावेच. कारण अचानक समोर काही आले की घाबरलेला माणूस हँडल ज्या बाजूला पळायचे तिकडेच खेचतो, आणि वेगात असताना त्याचा परिणाम नेमका उलटा होतो.

आणि एक आठवण राहून गेली. जगातील पहिली मोटरसायकल मानली जाणारी, १८८५ साली गॉटलिप डाइम्लर यांनी बनवलेली लाकडी सांगाड्याची गाडी पाहिलीत तर तिला दोन्ही बाजूंना आधाराची छोटी चाके दिसतील. पहिल्या मोटरसायकलीलाच शिकाऊ चाके होती, हे मला फार दिलासादायक वाटते.

जुनापाना

ब्रेकविषयी अजून कोणी बोलले नाही याचे आश्चर्य वाटते, कारण "पुढचा ब्रेक लावायचा नाही" ही सूचना मी जितक्या जणांच्या तोंडून ऐकली तितकी दुसरी कोणतीही नाही.

ती पूर्णपणे चुकीची नव्हती. नवशिका मैदानातल्या भुसभुशीत मातीवर, हँडल वळलेले असताना, दचकून पुढचा ब्रेक आवळतो आणि चाक सटकून गाडी आडवी होते. त्या मैदानापुरती ती सूचना योग्य होती. अडचण अशी की मैदान सुटले तरी सूचना सुटली नाही. ब्रेक लावल्यावर वजन पुढच्या चाकावर येते आणि मागचे चाक हलके होते, त्यामुळे कोरड्या, चांगल्या रस्त्यावर थांबवण्याचे बहुतांश काम पुढचाच ब्रेक करतो. केवळ मागच्या ब्रेकवर विसंबणारा माणूस चाक घसटत बराच लांब जातो. पुढचा ब्रेक आवळायचा नसतो, तो पिळायचा असतो : आधी हलका, वजन पुढे आले की घट्ट, आणि हँडल सरळ असताना. चाक अडकू न देणारी एबीएस यंत्रणा मोटरसायकलीवर १९८८ मध्ये बीएमडब्ल्यूच्या के१०० मालिकेत आली. त्याआधी आणि त्यानंतरही अनेक वर्षे हे काम बोटांनाच करावे लागले.

आणखी एक हिशेब मी प्रत्येक नव्या मुलाला कागदावर करून दाखवतो. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद गेला तर तेवढे अंतर ब्रेकशिवायच संपले. त्यानंतर थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ३० ऐवजी ६० केले की ते दुप्पट होत नाही, चौपट होते. आकडे पाहून मुले गप्प होतात. सल्ले ऐकून होत नाहीत.

चटका

जुनापाना, दोनस्ट्रोक गाड्यांबद्दलही लिहा ना. आमच्या गाडीत पेट्रोल भरताना तेल मिसळावे लागे, आणि लांबलचक उतारावर रेस पूर्ण सोडून देऊ नकोस असे बाबा बजावत. कारण कधी सांगितले नाही.

जुनापाना

कारण खरे होते. त्या इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळते. रेस पूर्ण बंद करून इंजिन चाकांच्या जोरावर भरभर फिरत राहिले तर आत पेट्रोल फारच कमी जाते, आणि त्याच्याबरोबर तेलही. पिस्टन गरम होऊन आत धरला जाऊ शकतो आणि मागचे चाक अचानक अडकते. म्हणून उतारावर अधूनमधून थोडी रेस देत राहायची. बाबांनी हे अनुभवातून शिकून सांगितले असणार. त्यांच्या पिढीतील पुष्कळ सूचनांची कारणे इंजिनातच सापडतात.

येझदी किंवा जावा चालवलेले कोणी असतील तर त्यांना आठवेल, तिथे किक आणि गिअर यांचा दांडा एकच असे. किक मारून झाली की तोच दांडा फिरवून पुढे घ्यायचा आणि गिअरसाठी वापरायचा. शिवाय गिअरचा दांडा दाबताना क्लच आपोआप सुटेल अशीही सोय होती, त्यामुळे त्या गाडीवर शिकलेले कित्येक जण क्लचची मूठ न दाबताच गिअर बदलत. दुसऱ्या गाडीवर त्यांची फार पंचाईत होई.

मागचीसीट

शिरस्त्राणाचा उल्लेख कोणीच केलेला नाही, म्हणून थोडक्यात. आमच्या शिकण्याच्या काळात मैदानात हेल्मेट घालणे हास्यास्पद समजले जाई. ताईने मात्र ते डोक्यावर असल्याशिवाय किल्ली दिली नाही. पुढे मी वाचले की 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स १९३५ मध्ये मोटरसायकलवरून पडून डोक्याच्या दुखापतीने गेले, आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी ह्यू केर्न्स या मेंदूशल्यविशारदाने त्यानंतर मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास करून १९४१ मध्ये तो प्रसिद्ध केला. लष्करातील निरोप्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे होण्यामागे त्या अभ्यासाचा मोठा वाटा होता. ताईला हे काही माहीत नव्हते. तिला फक्त माझे वाहनातले कौशल्य माहीत होते.

नवशिका

सर्वांचे अनुभव वाचून धीर आला म्हणून लिहितो. माझे वय पन्नाशीच्या जवळ आहे आणि मी आत्ता शिकतो आहे. तरुणपणी घरात गाडी नव्हती, नंतर थेट मोटार आली. मुलगा शिकवतो. तो पहिल्या दिवशी मागे बसला होता, हा धागा वाचून त्याला उतरवले आहे. सपाट जागेवर आता जमते. चढावर थांबून पुन्हा निघणे मात्र जमत नाही. ब्रेक सोडला की गाडी मागे येते आणि घाईने क्लच सोडला की बंद पडते. माझ्या मागे वाहने असली की हात गारठतात.

संथगती

नवशिका, चढावर दोन्ही पाय टेकून पुढच्या ब्रेकवर उभे राहू नका, कारण मग उजव्या हाताला एकाच वेळी ब्रेक सोडायचा आणि रेस द्यायची अशी दोन कामे पडतात. डावा पाय जमिनीवर आणि उजवा पाय मागच्या ब्रेकवर ठेवा. त्यामुळे उजवा हात फक्त रेससाठी मोकळा राहतो. रेस जराशी द्या, सूर स्थिर होऊ द्या, आणि क्लच तो सूर किंचित खाली बसेपर्यंत सोडा. गाडीचे पुढचे तोंड किंचित उचलल्यासारखे वाटेल. आता गाडी इंजिनाने धरली आहे. मगच मागचा ब्रेक हळू सोडा. गाडी मागे येणार नाही, कारण ती आधीच पुढे जाऊ पाहत असते. सुरुवातीला हा सराव अगदी सौम्य चढावर, मागे कोणी नसताना करा.

मागचीसीट

यात एवढीच भर घालते की मागच्या वाहनाने हॉर्न वाजवला तर तो वाजवू द्यावा. हॉर्न वाजवणाऱ्याला तुम्ही थांबलेले दिसत आहात, म्हणजे तो तुम्हाला धडकणार नाही. घाई त्याची आहे, क्लच तुमचा आहे.

नवशिका

आभारी आहे. उद्या सकाळी करून पाहतो. एक शंका : रस्ता डावीकडे उतरता असेल आणि डावा पाय नीट टेकत नसेल तर?

जुनापाना

थांबतानाच जागा पाहून थांबा. अर्धा हात उजवीकडे किंवा पुढे थांबल्याने बहुधा पायाखाली सपाट जमीन मिळते. तरीही नाही मिळाली तर गाडी किंचित डावीकडे कलू द्या आणि पाय पूर्ण टेकवा, फक्त हँडल सरळ ठेवा. वळलेल्या हँडलवर कललेली गाडी सावरणे जड जाते.

उजवागिअर

आणि नवशिका, गाडी कोणती आहे ते लिहिले नाहीत. माझ्या काकांसारखी जुनी बुलेट असेल, तर वरच्या दोन प्रतिसादांतील डावे-उजवे पाय कृपया उलटे वाचावेत.